ब्रिजमनाइट, काटोल आणि नव्या खनिजाचं बारसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०१४ मध्ये एका खनिजाला अधिकृत नाव मिळालं. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा सुमारे ३८ टक्के भाग एकट्या या खनिजाने व्यापलेला आहे. सबंध ग्रहावर त्याच्याइतकं मुबलक दुसरं खनिज नाही, आणि तरीही तोवर शास्त्रज्ञ त्याला नावाने हाक मारू शकत नव्हते. ही गोष्ट सांगायला लागलं की विद्यार्थी, शिक्षक आणि स्फटिक जमवणारे हौशी लोक पुन्हा पुन्हा काही प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ओघात काटोलची अशनी, वाघोलीच्या खाणी आणि नागपूरकडचं मँगनीजही येईल.

खनिज आणि खडक यांत फरक काय?

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, आणि तो खडक आहे. त्याचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर प्लॅजिओक्लेज, पायरॉक्झिन असे वेगवेगळे कण दिसतात. ही झाली खनिजं. खनिजाची ओळख दोन गोष्टींवर ठरते: ते कोणत्या मूलद्रव्यांचं बनलंय आणि त्यातले अणू कसे रचलेले आहेत. यांपैकी एक जरी वेगळी निघाली तरी खनिज वेगळं. शिवाय ते निसर्गात, भूशास्त्रीय प्रक्रियेतून तयार झालेलं हवं. ही शेवटची अट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

ब्रिजमनाइट कुठे असतं? आपण ते पाहू शकतो का?

जमिनीखाली साधारण ६६० किलोमीटरवर खालचं प्रावरण सुरू होतं आणि ते गाभ्याच्या सीमेपर्यंत, म्हणजे सुमारे २,९०० किलोमीटरपर्यंत जातं. या पट्ट्याचा बहुतांश भाग ब्रिजमनाइटचा आहे. रसायन साधं आहे: मॅग्नेशियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि सोबत थोडं लोह व ॲल्युमिनियम. आपल्या बेसाल्टमधल्या पायरॉक्झिनचं रसायनही याच घराण्यातलं. पण तिथला दाब वातावरणाच्या दोन लाख तीस हजार पटींहून अधिक असतो. पृष्ठभागावरच्या सिलिकेटांमध्ये सिलिकॉनच्या अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात. एवढ्या दाबाखाली तिथे सहा अणू गोळा होतात आणि पेरोव्हस्काइट या खनिजासारखी घट्ट रचना तयार होते.

खालून ते वर येऊ शकत नाही. वर येताना दाब कमी होतो, रचना मोडते आणि त्याचं दुसरंच खनिज होतं. माणसाने पाडलेलं सर्वांत खोल छिद्र रशियाच्या कोला द्वीपकल्पावर आहे, तेही जेमतेम १२ किलोमीटर खोल. त्यामुळे खोदून तिथवर पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही.

ते तिथे आहे हे माहीत होतं, तर नाव द्यायला इतकी वर्षं का लागली?

कारण नियम! आणि तो नियम योग्य आहे, असं मला मनापासून वाटतं.

लिन-गुन लिऊ या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकाच्या मध्यावर ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत प्रचंड दाब देऊन ही रचना तयार करून दाखवली होती. भूकंपलहरींचा वेग मोजून खाली तसंच काही असणार, हेही दिसत होतं. शोधनिबंधांतून, पाठ्यपुस्तकांतून त्याचा उल्लेख ‘सिलिकेट पेरोव्हस्काइट’ असा होत राहिला. पण ते झालं वर्णन, नाव नव्हे. प्रयोगशाळेत बनवलेल्या पदार्थाला खनिजाचं नाव मिळत नाही. निसर्गात घडलेला नमुना हाती असला पाहिजे, त्याचं रसायन मोजलेलं असलं पाहिजे आणि स्फटिकरचना सिद्ध झालेली असली पाहिजे. हिशेबातून ‘असणार’ म्हणणं आणि ‘हे पाहा’ म्हणून पुढे ठेवणं यांत अंतर आहे. ते पार करायला चाळीसेक वर्षं लागली.

मग नमुना मिळाला कुठे?

आकाशातून पडलेल्या दगडात. १८७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात टेनहॅम नावाच्या ठिकाणी अशनींचा वर्षाव झाला होता. या दगडांचा मूळ पिंड अवकाशात दुसऱ्या पिंडावर आदळला होता. त्या टकरीत क्षणभर दाब आणि तापमान इतकं चढलं की दगडात वितळलेल्या द्रव्याच्या बारीक काळ्या शिरा उमटल्या. पृथ्वीच्या पोटातली परिस्थिती त्या शिरांमध्ये क्षणभर अवतरली, आणि लगेच थंड झाल्यामुळे तिथे जन्मलेली खनिजं तशीच थिजून राहिली.

टेनहॅमने याआधीही खूप काही दिलं होतं. १९६९ मध्ये याच अशनीत रिंगवुडाइट सापडलं. टेड रिंगवुड या भूशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं गेलं. पुढे अकिमोटोआइटही इथेच मिळालं. १९९७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ब्रिजमनाइटच्या खुणाही दिसल्या होत्या. पण हे खनिज इतकं नाजूक की इलेक्ट्रॉनांचा झोत पडताच स्फटिकाची काच होऊन जायची. पाहायला जावं तर पाहण्यानेच ते नष्ट व्हायचं. रचनेचा पक्का पुरावा हाती येईना.

ऑलिव्हर शाउनर आणि ची मा यांच्या चमूने वेगळी वाट धरली. त्यांनी शिकागोजवळच्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेगाने वर्तुळात फिरवणाऱ्या यंत्रातून, निघणारे अतिशय बारीक आणि तीव्र क्ष-किरण वापरले. क्ष-किरणांनी नमुन्याला इलेक्ट्रॉनांइतकी इजा होत नाही. एका मायक्रोमीटरहूनही लहान कणांच्या पुंजक्यातून रचनेचा ठसा मिळवायचा आणि इतर खनिजांचे ठसे त्यातून वेगळे काढायचे, हे काम काही वर्षं चाललं. जून २०१४ मध्ये मान्यता मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध आला. मूळ नमुना लॉस एंजेलिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात ठेवला आहे.

ब्रिजमन यांनी ते शोधलं होतं का?

नाही. पर्सी ब्रिजमन हे हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ. १९६१ मध्ये ते वारले, तेव्हा हे खनिज प्रयोगशाळेतही बनलेलं नव्हतं. पण पदार्थांवर प्रचंड दाब देऊन पाहण्याची यंत्रं आणि पद्धती त्यांनी उभ्या केल्या. त्यासाठी १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पृथ्वीच्या पोटात काय चाललंय हे प्रयोगशाळेत तपासता येतं, याचा पाया त्यांनी घातला. सर्वांत मुबलक खनिजाला त्यांचं नाव मिळालं हे मला फार समर्पक वाटतं.

लिऊ यांचं काय, असाही प्रश्न कुणी विचारतं, आणि तो रास्त आहे. त्यांच्या नावाचं खनिज पुढे मिळालं: लिऊआइट. तेही पेरोव्हस्काइटसारख्याच रचनेचं, पण लोह आणि टायटॅनियमचं. ते सापडलं बिहारमध्ये! १८६५ मध्ये गया जिल्ह्यातल्या शेरघाटी इथे मंगळावरून आलेली एक अशनी पडली होती. जगभर ती ‘शेरगॉटी’ म्हणून ओळखली जाते. त्याच दगडातल्या आणखी एका खनिजाला शाउनर यांचं नाव आहे.

नाव नेमकं कोण ठरवतं?

नाव सुचवण्याचा मान वर्णन करणाऱ्या संशोधकांचा असतो, मान्यता मात्र आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या आयोगाची लागते. हा आयोग १९५९ पासून काम करतो. २००६ मध्ये वर्गीकरणाचा वेगळा आयोगही त्यात विलीन झाला.

संशोधकांना एक सविस्तर प्रस्ताव पाठवावा लागतो. त्यात रासायनिक पृथक्करण, स्फटिकरचना, क्ष-किरणांची मोजमापं, रंग, चमक, कठीणपणा, घनता, प्रकाशाला दिलेला प्रतिसाद, ठिकाण, सोबतची खनिजं, जवळच्या नात्यातल्या खनिजांपेक्षा वेगळेपण, सुचवलेलं नाव आणि ते का सुचवलं, हे सगळं द्यावं लागतं. प्रस्तावाला वर्ष आणि अनुक्रमांक मिळतो. ब्रिजमनाइटचा क्रमांक २०१४-०१७. मग वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी मतदान करतात. खनिज म्हणून मान्यता मिळायला मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचा होकार लागतो. नावावर वेगळं मतदान होतं. त्यामुळे खनिज मान्य झालं पण नाव परत पाठवलं, असंही घडू शकतं.

मान्यतेआधी नाव छापायचं नाही, असा शिरस्ता आहे. मान्यता मिळाल्यावर ठरावीक मुदतीत वर्णन प्रसिद्ध करावं लागतं.

यातली सर्वांत महत्त्वाची अट मला वाटते ती नमुन्याची. ज्या कणावरून वर्णन केलं तो मूळ नमुना सार्वजनिक संग्रहालयात जमा करावा लागतो, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर तोच कण पुन्हा काढून तपासता यावा. खासगी कपाटात ठेवून चालत नाही.

मी शोधलेल्या खनिजाला माझं नाव देता येईल?

स्वतः स्वतःचं नाव देता येत नाही. दुसऱ्याने तुमचं सुचवलं तर चालतं, पण व्यक्ती हयात असेल तर तिची परवानगी लागते. व्यक्तीशिवाय ठिकाण, रसायन किंवा एखादा ठळक गुणधर्म यांवरूनही नाव देतात. चंद्रावरून आणलेल्या खडकात सापडलेल्या आर्मालकोलाइटमध्ये तर आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स या तिघांचीही आद्याक्षरं आहेत.

काटोलचा या सगळ्याशी काय संबंध?

२२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला. ऐन उन्हाळ्यात पडलेले हे दगड लगेच गोळा केले गेले, त्यामुळे फारसे झिजले-गंजले नाहीत. तपासणीत ते एल-६ प्रकारचे कॉन्ड्राइट (दगडी अशनींचा एक गट) निघाले, म्हणजे लोहाचं प्रमाण तुलनेने कमी असलेल्या आणि मूळ पिंडात चांगल्याच तापून निघालेल्या गटातले. त्यांच्यातही टेनहॅमसारख्या वितळून थिजलेल्या शिरा होत्या.

आयआयटी खरगपूरचे सुजय घोष आणि त्यांच्या देशोदेशींच्या सहकाऱ्यांनी या शिरा बारकाईने तपासल्या, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. काटोलच्या दगडात ब्रिजमनाइट होतं. आणि नुसतं होतं असं नाही: त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियमचं प्रमाण पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात जसं असावं असं प्रयोगांवरून वाटतं, त्याच्या बरंच जवळचं होतं. सुमारे २३ ते २५ गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दोन लाख तीस-चाळीस हजार पट दाबाखाली ते वितळलेल्या द्रव्यातून स्फटिक होऊन बाहेर पडलं होतं.

हे मोलाचं का? पृथ्वी तरुण असताना तिचा बराच भाग वितळलेला होता. तो मॅग्माचा महासागर थंड होताना खोलवर जे स्फटिक तयार झाले त्यांत ब्रिजमनाइट प्रमुख असणार. तो काळ परत आणता येत नाही. पण वितळलेल्या द्रव्यातून ब्रिजमनाइट वेगळं होताना कोणतं मूलद्रव्य स्फटिकात जातं आणि कोणतं द्रवात मागे राहतं, हे निसर्गाने घडवलेल्या नमुन्यात वाचता आलं तर तो फार मोठा ऐवज आहे. संत्र्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्याच्या नावाने जगभरचे भूशास्त्रज्ञ आता हा नमुना ओळखतात.

मग त्याला ‘काटोलाइट’ का म्हटलं नाही?

खनिज आधीच मान्य झालेलं होतं. एकच खनिज शंभर ठिकाणी सापडलं तरी नाव एकच राहतं. काटोलचं नाव अशनीला आहे, आणि शास्त्रात तेही कायमचंच असतं.

महाराष्ट्रातल्या ठिकाणांची नावं कोणत्याच खनिजाला नाहीत का?

दिली गेली होती. टिकली नाहीत.

१८३१ मध्ये ब्रुक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने पुण्याकडच्या एका पांढऱ्या, सुयांसारख्या स्फटिकाला ‘पूनालाइट’ म्हटलं. पुढे ते आधीच माहीत असलेलं झिओलाइट गटातलं खनिज निघालं. १८५९ मध्ये नागपूरजवळच्या टाकळीच्या हिरव्यागार स्फटिकाला स्टीफन हिस्लॉप यांच्या सन्मानार्थ ‘हिस्लोपाइट’ नाव मिळालं. हे तेच मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ, ज्यांच्या नावाचं महाविद्यालय नागपुरात आहे. पण ते हिरव्या खनिजाची भेसळ असलेलं साधं कॅल्साइट होतं.

मग आला मँगनीजचा काळ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले लुईस ली फर्मोर यांनी नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा, झाबुआ हा सगळा टापू पालथा घातला आणि १९०९ मध्ये देशातल्या मँगनीजवर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीवरून ‘बेलडोंग्राइट’, छिंदवाड्याच्या सीतापारवरून ‘सीतापाराइट’, सहकाऱ्याच्या नावाने ‘व्ह्रेडेनबर्गाइट’, अशी नावं त्यांच्या लेखणीतून उतरली. सीतापाराइट म्हणजे बिक्सबाइटच, हे नंतर सिद्ध झालं. व्ह्रेडेनबर्गाइट हे दोन खनिजांचं मिश्रण निघालं. बेलडोंग्राइटही आज मान्य यादीत नाही.

फर्मोर यांना दोष देणं अन्यायाचं होईल. क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना वाचता येते हे १९१२ नंतर कळलं. त्यांच्याकडे होती नजर, भिंग, रसायनशाळेतलं पृथक्करण आणि पायपीट. तेवढ्या सामग्रीवर त्यांनी झाबुआच्या काजळीडोंगरी खाणीतून १९०६ मध्ये वर्णन केलेलं हॉलंडाइट आजही ताठ उभं आहे. बेरियम आणि मँगनीजचं हे खनिज सर्वेक्षणाचे तेव्हाचे संचालक थॉमस हॉलंड यांच्या नावाचं. त्याच्या रचनेत पोकळ बोगदे असतात आणि त्यांत मोठे अणू अडकून राहतात. १९७८ मध्ये अणुभट्टीतला कचरा बंदिस्त करण्यासाठी सिनरॉक नावाचा कृत्रिम खडक सुचवला गेला, तेव्हा सीझियम धरून ठेवायला हीच रचना निवडली गेली. ती सुचवणारे होते टेड रिंगवुड, टेनहॅमच्या रिंगवुडाइटचे.

मेलेल्या नावांची ही यादी मी मुद्दाम लांबवली. आयोगाचे नियम किचकट वाटतात, पण ते या अनुभवातून आले आहेत. असे असंख्य ‘आइट’ जगभर होते, आणि त्यांतून खरं कोणतं ते निवडायला पिढ्या गेल्या.

वाघोलीचं निळं खनिज पहिल्यांदा पुण्यातच सापडलं ना?

पुष्कळांचा हा समज आहे. कॅव्हनसाइटचं मूळ ठिकाण अमेरिकेतलं ऑरेगन राज्य. १९६०च्या दशकात ते तिथे सापडलं आणि १९७३ मध्ये स्टेपल्स, इव्हान्स आणि लिंडसे यांनी त्याचं वर्णन केलं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची पहिली अक्षरं जोडून हे नाव बनलं. त्याच निबंधात पेंटागोनाइटही होतं. दोघांचं रसायन अगदी एकच, पण सिलिकेटच्या कड्यांची मांडणी वेगळी, म्हणून खनिजं दोन. पेंटागोनाइटचे जुळे स्फटिक आडवे कापले तर पाच टोकांच्या ताऱ्यासारखे दिसतात, त्यावरून त्याचं नाव आलं.

ऑरेगनमधले स्फटिक अगदी बारीक. नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या दगडखाणींत मात्र स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेले गडद निळे गोंडे निघाले आणि जगातल्या संग्रहालयांनी ते मिळवण्यासाठी धडपड केली. तो निळा रंग व्हॅनेडियमचा. जगातले सर्वोत्तम नमुने वाघोलीचे, हे निर्विवाद आहे. खडी फोडण्यासाठी काढलेल्या दगडातून ते वाचले, याचं श्रेय सुरुंगानंतर थांबून निरखून पाहणाऱ्या कामगारांना द्यायला हवं. त्यांची नावं कुठल्याही निबंधात नाहीत, याची मला खंत वाटते.

आज एकूण किती खनिजं आहेत? नवी अजून सापडतात?

मान्य खनिजं सहा हजारांच्या आसपास आहेत आणि दरवर्षी साधारण शंभराची भर पडते. बहुतेक नवी खनिजं डोळ्यांना दिसणारही नाहीत इतकी बारीक असतात.

अजून बेनाम काय राहिलंय?

खालच्या प्रावरणातलंच पाहा. तिथलं कॅल्शियमचं पेरोव्हस्काइट बोट्स्वानातल्या ओरापा खाणीच्या एका हिऱ्यात बंदिस्त सापडलं आणि २०२१ मध्ये डेव्हमाओआइट या नावाने प्रसिद्ध झालं. थोरियम, युरेनियमसारखी उष्णता देणारी किरणोत्सारी मूलद्रव्यं ते आपल्या रचनेत सामावून घेऊ शकतं, म्हणून पृथ्वीच्या आतल्या उष्णतेच्या हिशेबात त्याला महत्त्व आहे. त्याहून खाली, गाभ्याच्या अगदी सीमेवर, ब्रिजमनाइटचं आणखी एक रूप असतं. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये ते प्रयोगशाळेत दाखवलं. त्याला अजून ‘पोस्ट-पेरोव्हस्काइट’ एवढंच म्हणतात. नैसर्गिक कण हाती येत नाही तोवर नाव नाही.

मला शेतात किंवा खाणीत वेगळाच दगड सापडला. काय करू?

आधी जागा नीट टिपून ठेवा: गाव, गट क्रमांक, खोली, सोबत काय होतं. ठिकाण माहीत नसलेल्या नमुन्याची किंमत शास्त्राच्या दृष्टीने फार कमी होते. आम्ल लावू नका, घासू नका, तोडू नका. शक्य असेल तर आजूबाजूच्या खडकासकट उचला आणि कोरड्या कागदात गुंडाळा. अशनी वाटत असेल तर चुंबक घासत बसू नका, त्याने दगडातली चुंबकीय नोंद बिघडते. पडताना पाहिली असेल तर तारीख, वेळ, दिशा आणि आवाज लिहून ठेवा.

मग जवळच्या महाविद्यालयातला भूशास्त्र विभाग किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय गाठा. नागपुरात सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय आहे, पुण्यातही कार्यालय आहे. देशात पडलेल्या अशनी सांभाळण्याची जबाबदारी याच सर्वेक्षणाकडे आहे, त्यामुळे त्या विकायच्या नसतात, सुपूर्द करायच्या असतात. बहुतेक वेळा उत्तर मिळेल: ‘हे क्वार्ट्झ आहे’ किंवा ‘ही भट्टीतली मळी आहे’. नाराज होऊ नका, आणि पुढच्या वेळीही दाखवायला या.